वेगवान नावेचा पंखा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांस नवल वाटलें असेल. स्वतःची वेगवान नाव बाळगणारीं कुटुंबें आपल्यांत बोटांवर मोजण्याइतकींच सांपडतील. आणि ज्यांच्याजवळ ती आहे त्यांसहि तिच्या पिछाडीस, पाण्याखालीं, फिरत असलेल्या पंख्याची आठवण सहसा होत नाहीं. परंतु सुटीच्या दिवसांत मालवणास किंवा गोव्यास जाऊन, पाण्यावरून उड्या घेत पळणाऱ्या नावेंत बसून आलेलीं माणसें आतां थोडीं नाहींत. त्या नावेच्या मागील फळीवर जें यंत्र बाहेरून टांगलेलें दिसतें, त्यास आउटबोर्ड म्हणतात. आपण त्या यंत्राकडे पाहतों, त्यावरील अश्वशक्तीचा आंकडा वाचतों, आणि तेवढ्यावरून नावेच्या वेगाचा अंदाज बांधतों. हा अंदाज पुष्कळदां चुकतो. कारण यंत्रांत उत्पन्न झालेली सारी शक्ति पाण्यास पोंचते ती दीड वीत रुंदीच्या एका धातूच्या पंख्याच्या द्वारां. तो पंखा त्या नावेस आणि त्या ओझ्यास साजेसा नसेल, तर उत्तमांतलें उत्तम यंत्रहि निरुपयोगी ठरतें, आणि प्रसंगीं धोक्याचें होतें. हें मला एका प्रसंगानें शिकविलें. तो प्रसंग प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं मी अमेरिकेंतील सिॲटल शहरीं एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. त्यांचें घर लेक वॉशिंग्टन नांवाच्या मोठ्या सरोवराजवळ होतें. स्नेही मूळचे सांगलीचे, व्यवसायानें इंजिनियर, आणि नावेच्या छंदांत नुकतेच पडलेले. त्यांनीं एक जुनी पण चांगल्या स्थितींतील नाव विकत घेतली होती. लांबी १९ फूट आणि पिछाडीस १५० अश्वशक्तीचें आउटबोर्ड यंत्र. तिचा आधींचा मालक शर्यतीचा शौकीन असून नेहमीं एकटाच नाव हांकीत असे. शनिवारीं सायंकाळीं स्नेह्यांनीं मला कांठावर उभें केलें आणि स्वतः एकटेच नाव घेऊन गेले. परत आले ते हर्षानें फुलून. उपग्रहांच्या साहाय्यानें वेग दाखविणाऱ्या यंत्रावर तासास ५४ मैलांचा आंकडा त्यांनीं पाहिला होता. म्हणजे सुमारें ८७ किलोमीटर.

दुसऱ्या दिवशीं सगळे घर निघालें. स्नेही, त्यांच्या पत्नी, दोन मुलें, सांगलीहून आलेले त्यांचे वडील आणि मी अशीं सहा माणसें. शिवाय फराळाच्या टोपल्या आणि तेलाची भरलेली टाकी. अशी नाव वेग घेऊं लागली म्हणजे प्रथम तिचें नाक वर उचललें जातें व पिछाडी पाण्यांत खोल रुतते. पुढें वेग पुरेसा झाला कीं सगळी नाव पाण्याच्या वर चढते, सरळ होते आणि पृष्ठभागावरून घसरत जाऊं लागते. चांगल्या नावेस ही चढण चढण्यास थोडे सेकंद पुरतात. आमच्या नावेचें नाक वर गेलें तें खालीं येईचना. यंत्र घोरल्यासारखा जड आवाज करीत होतें, आणि हांकणाऱ्यास समोर आकाशाखेरीज कांहीं दिसत नव्हतें. इतक्यांत कडेला बसलेला धाकटा मुलगा ओरडला, “बाबा, होडी!” स्नेह्यांनीं एकदम वेग बंद केला. आमच्यापुढें वीस-पंचवीस हातांवर एक वृद्ध जोडपें वल्हीं मारीत चाललें होतें. तें वांचलें; परंतु आमच्याच नावेनें उठविलेली लाट मागून आली आणि खोल गेलेल्या फळीवरून आंत शिरली. आजोबांचें धोतर गुडघ्यापर्यंत भिजलें. ते एवढेंच म्हणाले, “परत चल.”

घरीं येतांना स्नेही सारखे म्हणत होते, “अहो, दीडशें घोड्यांचें यंत्र, आणि सहा माणसांनीं थकावें?” दुसऱ्या दिवशीं आम्हीं नाव एका दुरुस्तीच्या कारखान्यांत नेली. तेथील म्हाताऱ्या कारागिरानें यंत्राचें झांकण उघडलेंहि नाहीं. तो खालीं वांकला, पंख्यावर कोरलेला आंकडा त्यानें वाचला, आणि नावेंत किती माणसें होतीं एवढेंच विचारलें. आंकडा होता २३. रोग कोठें आहे हें त्याला तेवढ्यानेंच कळलें होतें. त्यानें त्या दिवशीं जें समजावून सांगितलें, त्यांत मी पुढें वाचलेल्या व पाहिलेल्या गोष्टींची भर घालून तें आज आपल्यापुढें मांडीत आहें.

नावेचा पंखा हा खरें पाहतां मळसूत्राचा तुकडा आहे. लांकडांत मळसूत्र फिरविलें असतां तें एका फेऱ्यांत ठराविक अंतर पुढें सरकतें. पंख्याचीं पातीं त्याचप्रमाणें तिरपीं असतात व पाण्यांत फिरतां फिरतां पुढें सरकूं पाहतात. आरंभीं लोकांची समजूत अशी होती कीं, मळसूत्र जितकें लांब तितकें चांगलें. इंग्लंडांत फ्रान्सिस पेटिट स्मिथ नांवाच्या शेतकऱ्यानें १८३६ सालीं अशा लांकडी मळसूत्राचें पेटंट घेतलें. १८३७ सालीं पॅडिंग्टनच्या कालव्यांत त्याच्या नावेची परीक्षा चालू असतां मळसूत्राचा कांहीं भाग मोडून पडला. आतां नाव थांबणार असें सर्वांस वाटलें. तों ती अधिकच वेगानें धांवूं लागली! आजचे आंखूड पात्यांचे पंखे ज्या विचारांतून आले, त्यांत या मोडतोडीचा वांटा आहे. पंख्याच्या बाबतींत शेवटचा निवाडा पाणी देतें, आपला तर्क नव्हे, हा धडा तेव्हांपासूनचा आहे.

नावेच्या मागें टांगावयाचीं यंत्रें विसाव्या शतकाच्या आरंभीं निघालीं. मिल्वॉकी शहरच्या ओले एव्हिनरूड या नॉर्वेंत जन्मलेल्या कारागिरानें १९०९ सालीं दीड अश्वशक्तीचें यंत्र विकावयास काढलें आणि त्या धंद्यास खरें रूप आलें. दीड अश्वशक्तीच्या काळांत पंख्याची निवड हा मोठासा प्रश्न नव्हता. दीडशें व त्याहून अधिक अश्वशक्तीच्या यंत्रांच्या काळांत तो प्रश्न पहिल्या महत्त्वाचा झाला आहे.

पंख्यावर बहुधा दोन आंकडे असतात. पहिला व्यासाचा आणि दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यांत जितका पुढें सरकावयास पाहिजे तें अंतर. अर्थात् पाणी लांकडासारखें घट्ट असतें तर. आमच्या पंख्याचा व्यास साडेचौदा इंच व पिच २३ इंच होता. आउटबोर्ड यंत्रांत व्यासाची निवड बव्हंशीं यंत्राच्या घडणीनेंच ठरून गेलेली असते. घेणाऱ्याच्या हातीं मुख्यतः उरते ती पिचची निवड.

आतां थोडें गणित करूं. तें शाळेंतल्या मुलालाहि जमण्यासारखें आहे. शनिवारीं स्नेही एकटे असतांना यंत्राचे फेरे मिनिटास ५३०० होते. यंत्र व पंखा यांच्यामध्यें दांत्यांचीं चाकें असतात, त्यांमुळें पंखा यंत्राहून हळू फिरतो. त्या यंत्रांत हें प्रमाण १.९२ होतें. म्हणजे यंत्राचे १.९२ फेरे होतात तेव्हां पंख्याचा एक. ५३०० ला १.९२ नें भागलें कीं पंख्याचे मिनिटास सुमारें २७६० फेरे येतात. त्यांस २३ इंचांनीं गुणलें, तासाचा हिशेब केला, आणि मैलाचे इंच ६३,३६० धरले, तर तासास ६० मैल हा वेग येतो. प्रत्यक्षांत नाव धांवली ५४ मैलांनीं. जे ६ मैल उणे आले त्यांस घसरण म्हणतात. येथें ती शेंकडा १० झाली. घसरण म्हणजे सगळी नासाडी असें मात्र समजूं नये. पाणी मागें लोटल्यावांचून नाव पुढें जाणार नाहीं, म्हणून थोडी घसरण असावयाचीच. वेगवान हलक्या नावेंत ती शेंकडा १० च्या आसपास असली म्हणजे ठीक. २०-२५ झाली तर पंखा, यंत्राची उंची किंवा ओझें यांत कोठें तरी दोष आहे असें समजावें. आणि या गणितांत घसरण शून्याच्या खालीं आली, तर फेरे मोजणारें घड्याळ चुकत आहे किंवा पंख्याचा खरा पिच कोरलेल्या आंकड्याहून वेगळा आहे, हें उघड होय.

इतकें ध्यानीं आलें म्हणजे मोह असा होतो कीं, पिच जितका मोठा तितका वेग अधिक. तेव्हां मोठ्यांत मोठा पंखा लावावा. येथेंच पुष्कळ जण फसतात. मोठ्या पिचचा पंखा फिरविण्यास बळहि मोठें लागतें. तें यंत्राला पुरवेनासें झालें कीं यंत्राचे फेरे कमी होतात. आणि फेरे कमी झाले कीं यंत्र आपली पूर्ण शक्ति देऊंच शकत नाहीं. नाकापेक्षां मोती जड, अशी ती अवस्था होते. सायकलीचा सर्वांत जड गिअर घालून चढण चढणाऱ्याची मांडी भरून येते. यंत्राचेंहि तसेंच होतें. थ्रॉटल पूर्ण उघडें, तेल भरपूर जळत आहे, आणि फेरे मात्र उठत नाहींत. मग आंतील उष्णता वाढते, ठोके पडूं लागतात, पिस्टन व बेअरिंगें यांवर अतोनात ताण येतो. असें यंत्र चालतांना कांहीं दिवस तक्रार करीत नाहीं. एके दिवशीं एकदम जातें. उलट पिच फार लहान असेल तर पंखा हलका पडतो, यंत्र मर्यादेबाहेर फेरे घेऊं पाहतें, आणि त्या वेगानें त्याचे सांधे झिजतात. आजच्या यंत्रांत मर्यादा ओलांडूं न देणारी विजेची योजना असते हें खरें; पण तिच्यावर आदळत राहणें हें कांहीं नाव चालविणें नव्हे.

म्हणून मुख्य नियम असा: यंत्र बनविणारे आपल्या पुस्तिकेंत, थ्रॉटल पूर्ण उघडें असतां मिनिटास किती फेरे झाले पाहिजेत याच्या दोन मर्यादा देतात. आमच्या यंत्राच्या मर्यादा ५००० ते ५८०० अशा होत्या. आपण नेहमीं जें ओझें वाहतों तें नावेंत असतां, पूर्ण थ्रॉटलवर, फेरे या दोन मर्यादांच्या आंत यावे. हलक्या ओझ्यानें ते वरच्या मर्यादेच्या जवळ असावे आणि जड ओझ्यानेंहि खालच्या मर्यादेच्या खालीं जाऊं नयेत. पिच एक इंच कमी केला तर फेरे सुमारें १५० ते २०० नीं वाढतात. एक इंच वाढविला तर तितकेच उतरतात. बाजारांतील बहुतेक पंखे दोन-दोन इंचांच्या अंतरानें मिळतात, म्हणून एक पायरी चढलें-उतरलें कीं ३०० ते ४०० फेऱ्यांचा फरक धरावा.

आमच्या नावेचा उलगडा या नियमानें सहज होतो. स्नेही एकटे असतांना फेरे ५३०० होते, म्हणजे मर्यादांच्या आंत. पंखा आधींच्या मालकास योग्यच होता! सहा माणसें बसल्यावर, मोठ्या प्रयासानें नाव चढली तरी, फेरे ४६०० च्या वर जात नव्हते. तेव्हां दोष यंत्राचा नव्हता आणि पंख्याचाहि नव्हता. एका माणसासाठीं निवडलेला पंखा सहा माणसांस लावला, हा दोष होता. अंथरूण पाहून पाय पसरावे असें आपण म्हणतों. येथें अंथरूण म्हणजे ओझें होय.

याशिवाय पंखा पाण्याशीं कसा वागतो याचा एक वेगळाच प्रश्न आहे, आणि तो जाणण्यासाठीं चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ या नौकेची हकीकत ऐकण्यासारखी आहे. वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ही पहिली नौका इंग्लंडांत १८९४ सालीं तयार झाली. यंत्र अत्यंत जलद व बलवान. तरीहि नौका २० नॉट देखील गांठीना. पार्सन्स यांनीं पंखे बदलून पाहिले, पण यश येईना. तेव्हां त्यांनीं दोन इंचांचा एक लहानसा पंखा उकळीच्या जवळ आलेल्या पाण्यांत फिरविला, त्यावर क्षणोक्षणीं थबकणारा प्रकाश टाकला, आणि पात्यांच्या पाठीशीं पोकळ्या उत्पन्न होत असलेल्या पाहिल्या. पातें फार जोरानें फिरलें कीं त्याच्या एका बाजूस दाब इतका उतरतो कीं तेथलें पाणी न तापतांच उकळतें. वाफेचे बुडबुडे होतात, पंखा पाण्याऐवजीं वाफेंत फिरूं लागतो, आणि ते बुडबुडे पुढें फुटतांना धातूस खड्डे पाडतात. यासच कॅव्हिटेशन म्हणतात. पार्सन्स यांनीं एका दांड्याऐवजीं तीन दांडे केले, प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे बसविले, आणि शक्ति त्यांत वांटून दिली. २६ जून १८९७ रोजीं, राणी व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवाच्या नौदल-संचलनांत, स्पिटहेड येथें ही नौका ३४ नॉटांच्या वेगानें युद्धनौकांच्या रांगांमधून धांवली. आरमाराच्या गस्तीच्या नौकांस ती पकडतां आली नाहीं.

आउटबोर्ड नावेंत याहून नेहमींचा दोष वेगळा असतो. तीव्र वळण घेतांना, किंवा यंत्र फार उंच बसविलें असतां, पंखा पृष्ठभागावरची हवा खालीं ओढून घेतो. एकाएकीं यंत्र किंचाळतें, फेरे भरमसाट वाढतात, आणि नाव मात्र ढिली पडते. लोक यालाहि कॅव्हिटेशन म्हणतात. पण तेथें वाफ असते आणि येथें हवा. उपायहि निराळे आहेत. एकाचा उपाय पात्याचा आकार व सुस्थिति यांत आहे, दुसऱ्याचा यंत्राच्या उंचींत आणि पात्याच्या पकडींत. पात्याची धार दगडाला लागून वांकली असेल, तर चांगला पंखाहि पोकळ्या करूं लागतो. म्हणून नवा पंखा घेण्याआधीं जुन्याची धार बोटानें चांचपून पाहावी, यंत्र अर्थातच बंद ठेवून.

खऱ्या वेगवान नावांत यंत्र मुद्दाम उंच बसवितात. कारण पाण्याखालीं असलेला यंत्राचा प्रत्येक इंच नावेस मागें ओढतो. ही कल्पना टोंकास गेली ती सिॲटलच्याच ‘स्लो-मो-शन ४’ या नावेंत. तिचें यंत्र विमानाचें आणि नावेच्या आंत बसविलेलें होतें, आउटबोर्ड नव्हे. पण पंख्याचा धडा तोच. ती पूर्ण वेगानें धांवूं लागली कीं तिचा पंखा अर्धा पाण्याबाहेर येई, आणि पिछाडी जणूं त्या पंख्यावरच तोललेली असे. २६ जून १९५० रोजीं, आमच्या आजोबांचें धोतर ज्यांत भिजलें त्याच लेक वॉशिंग्टनमध्यें, तिनें तासास १६० मैलांहून अधिक वेगाचा उच्चांक केला. आधींचा उच्चांक सर माल्कम कॅम्बेल यांनीं १९३९ सालीं केलेला, १४१ मैलांचा होता.

असा अर्धवट बाहेर येणारा पंखा साध्या घडणीचा असून भागत नाहीं. त्याच्या पात्याच्या मागील कडेस आंतल्या बाजूला किंचित् वळण देतात. आपण ओंजळ करतों तसें. या वळणास कप म्हणतात. त्यामुळें पाणी निसटत नाहीं आणि पंखा हवेंतहि पकड सोडीत नाहीं. मात्र त्याचा परिणाम पिच इंचभर वाढविल्यासारखा होऊन फेरे थोडे उतरतात, हें हिशेबांत धरावें लागतें. पातीं मागें कललेलीं असतील तर तीं नावेचें नाक उचलतात. जड नाकाच्या नावेस हा गुण आहे. हलक्या नावेस तोच दोष होतो, ती वाऱ्यानें उचलली जाऊं पाहते. पात्यांच्या संख्येचें म्हणाल, तर निव्वळ कमाल वेग पाहिजे असेल तेथें बहुधा तीन पातीं बरीं. चार पातीं असली तर वेग थोडा कमी होतो, पण नाव लवकर चढते, कमी वेगांतहि चढलेली राहते, वळणावर पकड सुटत नाहीं व थरथर कमी होते. धातूविषयीं इतकेंच सांगतों कीं, ॲल्युमिनियम स्वस्त परंतु मऊ; जोरानें फिरतांना त्याचीं पातीं किंचित् वांकतात व पिच बदलतो. स्टेनलेस पोलादाचीं पातीं पातळ असूनहि ताठ राहतात, म्हणून वेगवान नावेस तेंच योग्य. खडकाळ उथळ पाण्यांत मात्र ॲल्युमिनियमचें पातें मोडून यंत्र वांचवितें. पोलादाचा तडाखा आंतल्या दांत्यांना बसण्याचें भय असतें.

उंच बसविलेल्या यंत्राचा एक धोका विसरूं नये. यंत्र थंड ठेवणारें पाणी त्याच्या खालच्या भागांतील छिद्रांतून आंत घेतलें जातें. तीं छिद्रें पाण्याबाहेर आलीं कीं पाण्याऐवजीं हवा आंत जाते आणि थोड्या वेळांत यंत्र जळतें. म्हणून अशा नावेंत पाण्याच्या दाबाचें घड्याळ असावेंच, आणि उंची अर्ध्या अर्ध्या इंचानें वाढवावी.

आतां परीक्षा कशी करावी तें सांगतों. शांत पाणी आणि मोकळी जागा पाहावी. जवळपास पोहणारे किंवा लहान होड्या नसाव्या. अंगांत तरंगतें जाकीट घालावें, आणि हांकणारा जागेवरून फेंकला गेला तर यंत्र बंद करणारी दोरी त्याच्या अंगास बांधलेली असावी. या दोरीवांचून सुटलेली नाव गोल फिरत परत येते, आणि पाण्यांत पडलेल्या माणसास तिच्या पंख्याइतकें भयंकर दुसरें शस्त्र नाहीं. एक वही ठेवावी. तींत नावेंतील माणसें, तेल, यंत्राची उंची, नाव चढण्यास लागलेले सेकंद, पूर्ण थ्रॉटलवरील फेरे व वेग हीं लिहावीं. प्रत्येक धांव दोन उलट दिशांनीं करावी व सरासरी घ्यावी, म्हणजे वाऱ्याचा व प्रवाहाचा परिणाम जातो. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. पंखाहि बदलला आणि उंचीहि बदलली, तर गुण कोणाचा हें कळत नाहीं. आणि वेग वाढतां वाढतां नाव डाव्या-उजव्या कुशीवर आळीपाळीनें डोलूं लागली, तर धीर दाखवूं नये. वेग हळूच कमी करावा. त्या डोलण्यांतूनच नावा उलटतात.

आमच्या कारागिरानें हेंच केलें. त्यानें स्नेह्यांस प्रथम विचारलें, “एकटे किती वेळां जाणार आणि घरच्यांना घेऊन किती वेळां?” स्नेही थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दहांपैकीं आठ वेळां घरचीं माणसें बरोबर असतील.” तेव्हां त्यानें चार पात्यांचा, १९ इंच पिचचा पोलादी पंखा परीक्षेसाठीं दिला. चार इंच पिच कमी झाल्यानें ६०० तरी फेरे वाढावयास पाहिजे होते. चौथ्या पात्यानें त्यांतले १०० खाल्ले. एकटे असतांना फेरे ५८०० झाले आणि सहा जणांसह ५१००. दोन्ही आंकडे मर्यादांच्या आंत आले. एकट्याचा कमाल वेग ५४ मैलांवरून ४९ वर उतरला. ते पांच मैल गेले याचें स्नेह्यांस पहिल्या दिवशीं वाईट वाटलेलें मीं त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलें. परंतु सहा जणांस घेऊन नाव पांच सेकंदांत चढली, नाक खालीं आलें, आणि हांकणाऱ्यास समोरचें सगळें पाणी दिसूं लागलें.

यावरून एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सर्वोत्तम पंखा म्हणून कोणताहि पंखा दुकानांत मिळत नाहीं. शेजाऱ्याच्या नावेस लागू पडलेला पंखा आपल्या नावेस लागू पडेलच असें नाहीं. इतकेंच काय, आपल्याच नावेस शनिवारीं योग्य असलेला पंखा रविवारीं अयोग्य ठरतो. म्हणून निवडीच्या आरंभीं वेगाचा आंकडा धरूं नये. नावेंत कोण बसणार आहे हें आधीं ठरवावें, यंत्राचे फेरे मर्यादांच्या आंत आणावे, आणि मग जो वेग मिळेल तो आपला समजावा. आपल्यापैकीं ज्यांस स्वतःची नाव घ्यावयाची नाहीं, त्यांसहि याचा उपयोग आहे. भाड्याच्या नावेंत बसल्यावर तिचें नाक वर गेलें आणि खालीं येईना, यंत्र जड आवाजानें घोरूं लागलें, तर माणसें जास्त झालीं आहेत किंवा पंखा चुकीचा आहे हें ओळखावें, आणि हांकणाऱ्यास सांगून कांठास परतावें. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

स्नेह्यांनीं तो जुना २३ इंची पंखा विकला नाहीं. घरीं फडताळांत ठेवला आहे. एकट्यानें जावयाचें असेल तेव्हां तो लावीन, असें ते म्हणत असत. पुढील पत्रांत त्यांनीं लिहिलें कीं, तो लावण्याची वेळ अजून आली नाहीं. कारण रविवारीं सकाळीं आजोबाच धोतर खोंचून सर्वांच्या आधीं नावेंत जाऊन बसतात.